हाताची घडी, तोंडावर बोट

कराडच्या ज्या अनुदानित शाळेत मी नऊ वर्षं गणित शिकवलं, तिथे बायकांचे दोन प्रकार होते. बाई आणि मावशी. बाई आम्ही सहाजणी: खांद्याला पर्स, काखेत हजेरीपट, बोटांना खडू. मावशी एकट्याच. घंटा त्यांची, पाण्याची टाकी त्यांची, प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे वर्गावर्गात पोचवणं त्यांचं, आणि परिपाठाच्या उन्हात एखादं पोर ओकलं की त्यावर माती टाकणंही त्यांचंच. आम्ही वर्गात शिरलो की 'एक साथ नमस्ते' व्हायचं. मावशी नोटिशीची वही घेऊन आल्या तर कुणी मान वर करून बघायचंही नाही. मीही बघत नसे. सही करून वही परत त्यांच्या हातात द्यायची, एवढंच.

हे आठवायला कारण झालं आईचा फोन. २०१६ च्या सप्टेंबरात मी इंग्लंडमध्ये, स्लाऊच्या एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून लागले. आईने विचारलं, "म्हणजे नेमकं काय करायचं गं?" मी सांगायला लागले. वर्गशिक्षिकेला मदत करायची, मुलांना कोट घालायला लावायचे, रंगाच्या वाट्या विसळायच्या, कुणी पडलं-झडलं तर बघायचं, कुणाला शू झाली तर कपडे बदलायचे. पलीकडे जरा शांतता. मग आई म्हणाली, "म्हणजे मावशीच की."

टोमणा नव्हता तो. तिने आपलं भाषांतर केलं होतं, आणि ते माझ्या सगळ्या वर्णनापेक्षा नेमकं होतं. मी "हो" म्हटलं आणि भाजी करपतेय असं सांगून फोन ठेवला. कराडच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र मी 'इथल्या शाळेत लागले' एवढंच टाकलं होतं. हार, फुलं, हात जोडलेल्या बाहुल्या, सगळं आलं. खोटं काही बोलले नव्हते.

*

आम्हाला इथे येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. नवऱ्याची आयटीतली नोकरी, मुलगा लहान, मी घरी. डिपेंडंट व्हिसावर काम करायला मुभा होती, पण बी.एड. आणि नऊ वर्षांचा अनुभव दाखवून सरळ शिक्षिका होता येत नव्हतं. इथल्या शिक्षकाचा अधिकृत दर्जा मिळवायचा तर पुन्हा वर्षभराचा अभ्यासक्रम, तोही परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमध्ये. विषय संपला.

स्लाऊ म्हणजे हीथ्रो विमानतळाला खेटून असलेलं गाव. १९३२ मध्ये मार्सचं चॉकलेट पहिल्यांदा इथेच बनलं, हे इथले लोक अजून अभिमानाने सांगतात. बाकी अभिमानाने सांगण्यासारखं गावात फारसं नाही, असंही तेच सांगतात. शाळेच्या फाटकाशी उभं राहिलं की पंजाबी, उर्दू, पोलिश, तमिळ ऐकू येतं, आणि नीट कान दिला तर एखादं "अगं डबा विसरलीस!" सुद्धा.

एक दिवस मुलाच्या दप्तरातून चिठ्ठी आली: आठवड्यातून तासभर येऊन मुलांचं वाचन ऐकतील असे पालक हवेत. या नोकरीत आलेल्या माझ्या ओळखीच्या निम्म्या बायका अशाच एखाद्या चिठ्ठीच्या मागून आत शिरल्या आहेत. आधी तासभर फुकट, मग जेवणाच्या सुट्टीत लक्ष ठेवायला, मग कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं म्हणून तात्पुरती, मग कायम. पण फुकटच्या त्या तासासाठीही आधी डीबीएस, म्हणजे पोलिसांकडची नोंद तपासून आणणं, आलंच. त्या अर्जात गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते लागतात. 'मारुतीच्या देवळामागे, दुसरा जिना' हे कुठल्या रकान्यात बसवायचं यावरून ऑफिसातल्या बाई आणि मी इतक्या हसलो की त्यातूनच आमची ओळख झाली. आजही त्या मला 'दुसरा जिना' म्हणून हाक मारतात.

वर्षभर मंगळवारी दुपारी मी कॉरिडॉरमध्ये, गुडघे हनुवटीला लागतील अशा खुर्चीवर बसून मुलांचं वाचन ऐकलं. मग अर्ज करायला लागले. या कामाला कायद्याने ठरलेली अशी पदवी लागत नाही. शाळा आपापल्या अटी घालतात. बहुतेक ठिकाणी इंग्रजी आणि गणित त्यांच्या दहावीच्या पातळीचं, शिवाय या कामाचं लेव्हल टूचं, म्हणजे त्याच पातळीचं, प्रमाणपत्र असेल तर बरं. गणिताचा पुरावा म्हणून मी एम.एस्सी.ची गुणपत्रिका जोडली. त्यावर कुणी काही बोललं नाही.

पहिली मुलाखत दुसऱ्याच एका शाळेत झाली. सहा मुलांना दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवायची होती, ती छान झाली. मग समोरच्या तिघांपैकी एकीने विचारलं, "एखादं मूल म्हणालं, मला तुम्हाला एक गुपित सांगायचंय, पण कुणाला सांगू नका. तुम्ही काय म्हणाल?" मी हसून म्हणाले, "म्हणेन, सांग बाळा, मी कुणाला सांगणार नाही." यापेक्षा माणुसकीचं उत्तर काय असणार, असं मला वाटलं होतं. तिघींची पेनं एकदमच कागदावर टेकली.

ते उत्तर चुकीचं असतं, हे मला घरी येऊन शोधल्यावर कळलं. शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला, शिक्षकापासून स्वयंपाकघरातल्या माणसापर्यंत, मुलांच्या सुरक्षिततेच्या सरकारी नियमावलीचा गाभा वाचावाच लागतो. त्यात स्पष्ट आहे: मुलाला गुप्ततेचं वचन कधीही द्यायचं नाही. ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, मुलाचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे आणि त्या कामासाठी नेमलेल्या व्यक्तीला लगेच सांगायचं. कारण घरात त्या पोराला कुणी मारत असेल आणि मी वचन देऊन बसले असेन, तर वचन पाळायचं की पोर वाचवायचं? दुसऱ्या मुलाखतीत हाच प्रश्न आला आणि मी पास झाले. पाठांतराने पास झाले, खरं तर. तो नियम अंगात मुरायला बराच काळ गेला.

पगाराचं एक सांगून टाकते, कारण नव्याने येणाऱ्या इथेच फसतात. जाहिरातीत वर्षाचा आकडा दिसतो, तो पूर्ण वेळ आणि पूर्ण वर्ष काम करणाऱ्याचा. आपल्याला शाळा चालू असते ते एकोणचाळीस आठवडे आणि वर थोडी भरपगारी रजा, एवढ्याचेच पैसे मिळतात. तेही जितके तास नेमलंय तितक्याच तासांचे, आणि त्याचे बारा समान भाग करून दरमहा. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतही पैसे येतात, पण ते आपलेच, आधी कापून ठेवलेले. मी अर्ज करायच्या आधी वहीत त्रैराशिक मांडलं, उत्तर दोनदा तपासलं आणि नवऱ्याला दाखवलं नाही. पुढे एका जूनमध्ये बजेटचं कारण देऊन माझे आठवड्याचे पाच तास एका ईमेलने कमी झाले, तेव्हा दाखवलं.

*

रिसेप्शन म्हणजे इथली सगळ्यांत खालची इयत्ता. चौथा वाढदिवस झाल्यानंतरच्या सप्टेंबरात मुलं येतात, त्यामुळे ऑगस्टच्या शेवटी जन्मलेलं पोर चार वर्षं आणि चार दिवसांचं असतं, आणि त्याच्या शेजारी जवळजवळ पाच वर्षांची दांडगी मुलगी. वर्गात तीस मुलं. त्याहून जास्त घ्यायला या वयात कायद्यानेच मनाई आहे. कराडला माझ्या नववी 'ब'मध्ये सदुसष्ट होती, तेव्हा तीस ऐकून मला हसू आलं होतं. पहिल्याच थंडीत ते मावळलं. तीस कोट, साठ हातमोजे, साठ गमबूट. आणि रिसेप्शनची मुलं दिवसातून तीनदा तरी बाहेर जातात, भुरभुर पाऊस असला तरी.

आमच्या वर्गशिक्षिकेचं वय तेवीस. नोकरीचं पहिलंच वर्ष. मी पहिल्यांदा दहावीला बसवलेल्या तुकडीतल्या मुलीही तिच्याहून मोठ्या झाल्या होत्या. सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, तशी मीही मारावी अशी अपेक्षा. महिनाभर मला ते जमलं नाही. तिच्याशी बोलायचं असलं की मी जवळ जाऊन उभी राहायची, ती बघेपर्यंत. शेवटी तिनेच विचारलं की मी तिच्यावर रागावलेय का.

तर कोट. पहिल्या आठवड्यात बाहेर जायची वेळ झाली की मी रांगेच्या एका टोकाकडून सुरुवात करायची. हात घाल, दुसरा घाल, चेन, टोपी, पुढचा. पाच-सहा मिनिटांत सगळा वर्ग तयार. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. शुक्रवारी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, खूप हळू आवाजात, की मदत छान होतेय, पण पुढच्या आठवड्यात हात जरा पाठीमागे ठेवून बघशील का?

मला राग आला. नऊ वर्षांची बाई मी, आणि ही तेवीस वर्षांची पोर मला हात मागे ठेवायला सांगते. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे मी किती हजार वेळा किती हजार मुलांना सांगितलं असेल! मला कुणी सांगितल्याला तीस वर्षं उलटली होती.

सोमवारी घातली हाताची घडी. ते बघणं हा छळ होता. एकाने कोट उलटा घातला, एकीने दुसरीचा घातला, एक जण बाहीत डोकं घालून बसला. पंचवीस मिनिटं गेली आणि बाहेर जाऊन सात मिनिटांत आत यायची वेळ झाली. ती तेवीस वर्षांची पोर शांत. खालच्या खुर्चीवर बसून ती एकेकीला एक युक्ती दाखवत होती. कोट जमिनीवर उताणा पसरायचा, टोपीची बाजू आपल्या पायांकडे. वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे. आणि मग हात वर करून सगळा कोट डोक्यावरून मागे उलटवायचा. पहिल्यांदा बघितलं तर वाटतं पोर पोहायला उडी मारतंय. पण कोट बसतो, दर वेळी सुलटा बसतो.

चेन ही त्यापुढची परीक्षा. आपण लावतो तेव्हा लक्षात येत नाही, पण कोटाच्या चेनच्या खालच्या टोकाला एका बाजूला बारीक दांडी असते, दुसऱ्या बाजूला डबी. दांडी डबीच्या तळापर्यंत गेली नाही तर वरचा तुकडा दोन इंच चढतो आणि खालून दात उघडे पडतात. चार वर्षांच्या बोटांना ते कठीण. ते शिकवायची रीत उलटी आहे, शेवटापासून सुरू होणारी. पहिले काही दिवस आपण सगळं करायचं आणि गळ्याजवळचे शेवटचे दोन इंच तेवढे मुलाने ओढायचे. मग छातीपासून. मग पोटापासून. दांडी-डबी सगळ्यांत शेवटी. यात गंमत अशी की 'मी लावली!' हे पहिल्या दिवसापासून मुलाचंच असतं. मी नऊ वर्षं प्रमेयं पहिल्या ओळीपासून शिकवली, आणि 'म्हणून सिद्ध झाले' ही शेवटची ओळ नेहमी फळ्यावर मी लिहिली.

*

आता बंड्या. मुलांची नावं बाहेर न्यायची नाहीत हा नोकरीचा नियमच आहे, म्हणून इथे तो बंड्या. बाकीचेही एकदोन तपशील मी इकडचे तिकडे केलेत. तो दुसऱ्या वर्षी आमच्याकडे आला. स्वमग्न. बोलणं जवळजवळ नाही, कानांवर कायम जाड निळे हेडफोन, गाणी ऐकायला नव्हे तर आवाज कमी करायला. त्याच्या मदतीसाठी सरकारी आराखडा मंजूर झालेला होता, आणि त्या आराखड्यातली मदत म्हणजे मी.

त्याच्यासाठी माझ्या गळ्यात एक छोटी पाटी असायची. त्यावर दोन चौकोन: 'आत्ता' आणि 'मग'. आत्ताच्या चौकोनात कोटाचं चित्र, मगच्या चौकोनात सायकल. एवढ्या साध्या पाटीने जे रडणं थांबतं ते बघितल्यावर मला वाटलं, मोठ्यांच्याही गळ्यात अशा पाट्या हव्यात. पण पाटीपेक्षा मला जड गेली ती मोजणी. बंड्याला काही सांगितलं की मनात दहा आकडे मोजायचे, तोवर पुन्हा बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत. त्याच्यापर्यंत शब्द पोचायला, पोचलेल्याचा अर्थ लागायला आणि मग शरीर हलायला तेवढा वेळ लागतो. मध्येच आपण पुन्हा बोललो की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मी मराठीत मोजायची. एक, दोन, तीन. चारच्या आसपास जीभ वळवळायला लागायची. आठाला तो मान हलवायचा.

कराडला मी एखाद्याला उभं करून प्रश्न विचारायचे आणि किती वेळ थांबायचे? तीन आकडे? "चल, बस खाली. दुसरं कोण?" त्या खाली बसलेल्यांपैकी किती जण आठाला बोलले असते, हा विचार मला पुढे बऱ्याच रात्री आला. सदुसष्ट मुलं होती, अभ्यासक्रम संपवायचा होता, हे सगळं खरं. तरी येतो विचार.

एका प्रशिक्षणाच्या दिवशी आम्हाला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या संशोधकांनी २००३ ते २००८ या काळात इंग्लंड-वेल्समधल्या शाळांत मदतनीसांच्या कामाचा मोठा अभ्यास केला, २००९ मध्ये तो बाहेर आला. निष्कर्ष असा की ज्या मुलांना मदतनीसांची मदत जास्त मिळाली, त्यांची प्रगती तशाच, पण कमी मदत मिळालेल्या मुलांपेक्षा कमी झाली. खोलीत आम्ही पंधरा-सोळा मदतनीस होतो. एक जण पुटपुटली, "मग जाऊ का घरी?" कारण मात्र अभ्यासातच होतं: दोष माणसांचा नाही, वापरायच्या पद्धतीचा. सगळ्यांत गरजू मूल सगळ्यांत कमी शिकलेल्या माणसाच्या हवाली करायचं, ते मूल आणि तो माणूस कोपऱ्यातल्या टेबलावर, आणि शिक्षक उरलेल्या वर्गापुढे. मग मदतनीसाचं लक्ष मुलाच्या डोक्यात काय चाललंय याकडे नसतं, पान भरलं का याकडे असतं. मुलाला चिकटून बसणाऱ्या अशा मदतनीसाला इथे 'वेल्क्रो' म्हणतात, बुटाच्या चिकटपट्टीवरून.

या मदतनीसांची संख्या वाढली तीही काही मुलांच्या प्रेमापोटी नव्हे. जानेवारी २००३ मध्ये सरकार आणि बहुतेक शिक्षक संघटनांचा एक करार झाला, की झेरॉक्स काढणं, भिंती सजवणं, पैसे गोळा करणं असली कामं शिक्षकांकडून नेमाने करून घ्यायची नाहीत. हे वाचलं तेव्हा मी जोरात हसले. जनगणनेला घरोघर फिरलेली, निवडणुकीत मतदारांच्या बोटांना शाई लावलेली मी. अशा कराराची प्रत फ्रेम करून कराडच्या स्टाफरूममध्ये लावायला हवी होती. आज इंग्लंडमध्ये अडीच लाखांहून जास्त टीचिंग असिस्टंट आहेत, आणि त्यांत बहुतेक बायकाच. पगार बघितला की त्याचं आश्चर्य वाटत नाही.

*

एका ठिकाणी मात्र मला माझी भाषा उपयोगी पडली, आणि तिथेच तिने मला तोंडघशीही पाडलं.

इथे अक्षरांची नावं आधी शिकवत नाहीत, आवाज शिकवतात. फोनिक्स. पहिल्या आठवड्यांत स, अ, ट, प, इ, न. प्रशिक्षण देणाऱ्या बाई कळकळीने सांगत होत्या की आवाज शुद्ध काढा, शेपूट लावू नका. 'म' नाही, ओठ मिटून नुसतं 'म्म्म'. शेपूट लावलं तर मूल आवाज जोडताना अडकतं. सगळ्या जणी पुन्हा पुन्हा करत होत्या आणि पुन्हा पुन्हा शेपूट येत होतं. मला एका मिनिटात कळलं, कारण हे तर आम्ही दुसरीत केलंय: अक्षराचा पाय मोडायचा! म् , स् , ट्. मी मधल्या सुट्टीत कागदावर 'म' काढून त्याचा पाय मोडून दाखवला. बाईंनी तो कागद मागून घेतला.

त्या आनंदात दोन महिने गेले आणि 'व्ही' आला, त्याच्या मागोमाग 'डब्ल्यू'. सहा मुलांच्या गटापुढे मी चित्रं धरून आवाज काढत होते. गटातली एक मुलगी, सर्वांत चुणचुणीत, माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. मग म्हणाली, "मिस, तू दोन्ही सारखेच म्हणतेस." मी पुन्हा म्हटले. तिने उठून माझ्यासमोर तोंड आणलं. "बघ. यात दात ओठावर येतात. यात ओठ गोल. दात नाहीत." आपल्याकडे व एकच, ना दाताचा ना गोल ओठांचा, मधला. सदतीस वर्षं मला त्यात काही कमी आहे असं वाटलं नव्हतं. त्या रात्री आरशासमोर उभी राहून मी 'व्हॅन' आणि 'वॅगन' घोकत होते आणि माझा सात वर्षांचा मुलगा न्हाणीघराच्या दारात उभा राहून मार्क देत होता. दहापैकी चार.

पुढच्या वर्षी, पहिलीच्या जूनमध्ये, या मुलांची सरकारी तपासणी होते. २०१२ पासून आहे. चाळीस शब्द एकेकट्याने वाचायचे. त्यातले वीस खरे आणि वीस निव्वळ बनावट, शेजारी परग्रहवासीयाचं चित्र. मूल शब्द ओळखून सांगतंय की खरंच आवाज जोडून वाचतंय, हे कळावं म्हणून. मला हे जरा क्रूर वाटतं. ज्या पोराचं घरचं इंग्रजी तुटपुंजं, त्याला तर निम्मी भाषा तशीही परग्रहावरचीच असते.

पडणं-झडणं, नाकातून रक्त, वाकडं झालेलं बोट या सगळ्यावर इथल्या शाळांत एकच औषध: ओला पेपर टॉवेल. आपल्याकडे हळद तसा इकडे ओला कागद. पहिल्यांदा मला वाटलं चेष्टा करताहेत.

*

मावशींबद्दल एक गोष्ट राहिली.

२०१२ ची गोष्ट असेल. नववीच्या वर्गातली एक मुलगी माझ्या तासाला पेंगायची. दुपारनंतरचा तास. मी तिला दोनदा उभं केलं, एकदा वर्गाबाहेर. त्या दिवशी शाळा सुटताना मावशी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, रागवू नका, पण ती पोरगी डबा आणत नाही. आठवीपर्यंत खिचडी मिळत होती तवर बरं होतं." पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, हे मला अर्थातच माहीत होतं. हिशेबाच्या रजिस्टरवर मी सह्या केल्या होत्या. पण नववीत गेलं की ताट बंद होतं आणि भूक बंद होत नाही, हे दोन मुद्दे मी एकत्र ठेवले नव्हते. उरलेली खिचडी मावशी तिला टाकीमागे बसवून देत होत्या, जूनपासून. तेव्हा बहुधा डिसेंबर होता.

त्या मुलीने मावशींना आपलं गुपित सांगितलं असेल का, आणि त्यांनी कुणाला सांगणार नाही असं म्हटलं असेल का, कोण जाणे. मला वाटतं विचारलंच नसेल. पाण्याच्या टाकीपाशी दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला कोण हात धुवून जेवायला बसतं आणि कोण नुसतंच पोटभर पाणी पितं, हे दिसतं. आणि ते माझ्या कानावर घालायचं त्यांनी ठरवलं, माझ्याबद्दल फारसं चांगलं मत असायचं काही कारण नसताना. इथे त्याला फॉर्म आहे, तारीख, वेळ, मुलाचे शब्द, सही. तिथे फक्त त्या होत्या.

इथे तळाच्या तीन इयत्तांना २०१४ पासून दुपारचं जेवण सरसकट मोफत आहे. दुसरी संपली की बंद. पुढे घरच्या उत्पन्नावर. त्यामुळे दर सप्टेंबरात मी जेवणाच्या हॉलमध्ये तिसरीच्या टेबलापाशी जरा जास्त वेळ रेंगाळते. माझी ड्यूटी तिथे नसते. कोणाचा डबा हलका आहे, कोण झाकण अर्धंच उघडून खातं. आतापर्यंत दोनदा फॉर्म भरलाय.

२०२३ च्या फेब्रुवारीपासून नियम बदलला. भारतासह काही देशांतल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांना आता कागदपत्रं दाखवून थेट इथला दर्जा मागता येतो. सगळ्यात आधी मला कळवलं ते ऑफिसातल्या त्याच बाईंनी, "दुसरा जिना, हे तुझ्यासाठी आहे." मी अर्ज उघडला. अर्धा भरला. पगार जवळजवळ दुप्पट झाला असता. नवरा म्हणतो, भर. मुलगा, जो आता स्वतः माध्यमिक शाळेत आहे आणि तिथली पोरं मास्तरांना कसं वागवतात ते रोज बघतो, म्हणतो, आई, वेडी आहेस का. अर्ज अजून अर्धाच आहे. उरलेल्या अर्ध्यात कराडच्या शाळेचं पत्र लागतं, आणि ते मागायचं तर ग्रुपवर सांगावं लागेल की गेली इतकी वर्षं मी नेमकं काय करत होते. लाज आता उरली नाही असं मी म्हणते खरी, पण अजून सांगितलेलं नाही.

बंड्याने पहिल्यांदा स्वतः चेन लावली तो फेब्रुवारीतला बुधवार होता. शेवटचे दोन इंच, मग छाती, मग पोट, असं करत आम्ही पाच महिन्यांत दांडी-डबीपर्यंत आलो होतो, आणि तिथे तीन आठवडे अडकलो होतो. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे वाकले, तर त्याने माझा हात धरला आणि बाजूला ठेवला. ढकलला नाही. वस्तू उचलून कडेला ठेवावी तसा ठेवला. मी हाताची घडी घातली. त्याने दांडी धरली, डबीवर टेकवली, घसरली. पुन्हा टेकवली. मी मोजत होते, दहा झाले, पुन्हा एकपासून सुरू केलं. बाहेर बाकीच्यांचा गलका, सायकली सगळ्या पळवल्या होत्या. दांडी आत गेली, पण तळापर्यंत नाही, मला वरून दिसत होतं. त्याने चेन ओढली. गळ्यापर्यंत आली आणि खालून दात उघडे पडले, पोटावर ताटलीएवढी फट.

माझी बोटं कोपरांखाली दाबून धरली होती.

त्याने खाली बघितलं. फटीत हात घालून बघितला. मग पाटीवरच्या सायकलवर एक बोट आपटलं आणि तसाच, पोट उघडं टाकून, पळाला.